खुल्या जागेच्या भावात एक घर

(सकाळ. गल्ली. कॅमेरा उंबऱ्यावर.)

बेळगावचं शहापूर. एका भिंतीला लागून दोन घरं. दोन्हींची रुंदी पंधरा फूट, लांबी ऐंशी. म्हणजे बाराशे चौरस फूट, गुंठ्याहून थोडी जास्त. गल्ली तीच, रस्ता तोच. विकायला काढली, की आकडे मात्र जुळत नाहीत.

डावीकडचं हे कौलारू. जोतं जांभ्याचं. पुढं कट्टा, मग सोपा म्हणजे ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागं परडं.

(छत.)

वर बघा. ओळीत एकच कौल काचेचं. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, खिडकी काढणार कुठं? म्हणून उजेड वरून घेतला. सकाळी भिंतीवरच्या देवळीत दिसणारा हा चौकोन दुपारी हातमागाच्या खड्ड्याशी उतरतो. शहापूर, वडगाव, खासबाग ही विणकरांची वस्ती. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून माग जमिनीत, ओलाव्याला. घराचा नकाशा मागानंच आखून दिलाय. कौलांच्या फटींतून उन्हाळ्यात गरम हवा निघून जाते. मृगाच्या आधी शाकारणी करायची, की पावसाळा निभावतो. आता शाकारणारा माणूस मिळत नाही, हेही खरं.

(उजवीकडचं घर.)

इथं स्लॅब आहे, खाली गाडी आहे. आणि मोलाची गोष्ट तो बाहेरचा जिना. त्यामुळं माडी वेगळी भाड्यानं जाते. जिना आतून असता, तर भाडेकरू रोज आपल्या स्वयंपाकघरातून वर गेला असता! गिऱ्हाईक खोल्या मोजतं, भाडं मोजतं, दार कुठल्या दिशेला ते बघतं. स्लॅबवरचा पत्रा मात्र कुणी मोजत नाही. तो गळतीसाठी घातलाय.

खरं तर आधी जागेला जागा लावून बघावी, बांधकाम वेगळं धरावं. तसं केलं तरी जुन्या घराचं वय आडवं येतं. सरकारी मूल्यांकनातही वयापोटी घसारा वजा होतो. उरते खुली जागा.

हे जुनं कौलारू घर उतरवायला घेतलंय.

(परडं. टेंपो.)

हे सोप्याचे सागवानी खांब. घराच्या किमतीत यांना शून्य धरलं होतं. आता टेप लावून घनफुटावर मोजतायत.