चाचणीत याल का, हे कुणी आणि कसं विचारायचं?

नमस्कार श्रोतेहो.

मानसिक आजारांवरच्या नव्या उपचारांच्या चाचण्यांना माणसं का मिळत नाहीत? 'लोक घाबरतात' असं सरसकट सांगितलं जातं. मला हे उत्तर पटत नाही.

सरकारी रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. केसपेपर काढून एक बाई केव्हाच्या बाकावर बसल्यात. आजचा रोज बुडालाय, एकची एसटी गाठायचीय. रात्रभर झोप नाही, कशात मन लागत नाही. अशा वेळी कुणी पानंच्या पानं माहितीपत्रक हातात ठेवतं आणि सांगतं, "तुम्हाला कुठला उपचार मिळेल, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल." बाई म्हणतात, "घरी विचारून सांगते." यात त्यांचं काय चुकलं?

स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर आजाराच्या बाबतीत हे आणखी अवघड. औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार अगदी नव्या औषधाची चाचणी असेल आणि सहभागी असुरक्षित गटातला, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणारा असेल, तर संमती घेतानाचं चित्रीकरण करावं लागतं. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं ज्याला सतत वाटतं, त्याच्यासमोर कॅमेरा मांडायचा! तरीही हा नियम हवाच. कारण "लिहून घ्या साहेब, आमची हरकत नाही," असं घरचे पटकन म्हणतात. पण रुग्ण स्वतः संमती देऊ शकत असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे ती त्याचीच लागते.

कधी डॉक्टरच नाव सुचवत नाहीत. 'आत्ता कुठे सावरलाय, कशाला त्रास?' काळजी खरी असते, पण मग रुग्णाला विचारलंच जात नाही. शहराजवळचे, सोबत माणूस असलेलेच चाचणीत आले, तर खेड्यातल्या एकट्या बाईला तो उपचार लागू पडेल का, हे कळणार कसं?

गोव्यात नैराश्यावरच्या समुपदेशनाची चाचणी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. तिचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. ४९५ जण सहभागी होते आणि समुपदेशक केंद्रात किंवा घरी भेटत. त्याआधी स्किझोफ्रेनियावरच्या एका चाचणीत गोवा, तमिळनाडू आणि आपल्या साताऱ्यातले मिळून २८२ रुग्ण होते. तिथेही प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात. उपचार दारापर्यंत येणार असेल, तर रोज बुडण्याचा आणि एसटीचा प्रश्न निम्मा सुटतो.

तुम्हाला कुणी विचारलं, तर घाई करू नका. माहितीपत्रक घरी न्या, वाचून घ्या. अपाय झाला तर उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, हे विचारा. नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलात, तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. हे कुणी स्पष्ट सांगितलं नाही, तर सही करू नका.