बॅगेतली चप्पल

हिंडलगा रोड. संध्याकाळचे साडेसात वाजलेत आणि पाऊस, म्हणजे बेळगावचा पाऊस, अजून काय सांगायचं.

पाठीवर जेवणाच्या डिलिव्हरीची चौकोनी बॅग घेऊन चाललाय तो पोरगा बघा. वडगावचा आहे, नाव घालू नका म्हणालाय. घरी मराठी, हॉटेलवाल्याशी कन्नड, कॅम्पातल्या कस्टमरशी हिंदी, असं दिवसभर चालू. कुठली गल्ली कुठं फुटते, रेल्वे गेट पडलं की कुठनं मारायचं, सगळं तोंडपाठ.

त्या दिवशी ह्याच्या पुढंच एक काका बाईकवरनं घसरले. भाजीची पिशवी फुटली, टोमॅटो रोडभर. ह्यानं पहिलं काय केलं तर स्वतःची बाईक इंडिकेटर चालू ठेवून मागं आडवी लावली आणि बॅग, तिला चमकणारी पट्टी असते की, ती अजून थोडी मागं नेऊन ठेवली. मागनं येणाऱ्याला दिसायला पाहिजे ना. मग १०८ ला फोन, कन्नडमध्ये, आणि पत्ता सांगताना गल्लीबिल्ली काही नाही, समोर काय दिसतंय तेवढंच.

तोपर्यंत चार माणसं जमली. एकजण म्हणतोय पाणी पाजा, दुसरा हेल्मेट ओढायलाय. "नको की ओ काका, मानेला हात लावू नका!" ओरडला हा. पायातनं रक्त येत होतं तिथं टॉवेलची घडी घालून दाबून धरली ती ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडलीच नाही, मधनंमधनं उचलून बघणं पण नाही. हे कुठं शिकलास विचारलं तर म्हणे मोबाईलवर, ऑर्डर नसली की बघत बसतो.

आणि ह्या सगळ्यात फोन वाजतोय. बिर्याणी कुठाय? ह्याच्या ॲपमध्ये कस्टमर फोन उचलत नाही म्हणून कळवायला बटण आहे, एसओएस पण आहे पण ते ह्याच्या स्वतःसाठी, रोडवर दुसरा कोण पडलाय त्याच्यासाठी काही नाही. रेटिंग गेलं ते गेलं.

खरं तर अशा वेळी थांबायला लोक घाबरतात ते पोलिसांच्या भानगडीला. पण २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आलंय, मदत करणाऱ्यावर केस लागत नाही, नाव सांगायची पण सक्ती नाही. कर्नाटकानं तर त्याच्या आधीच, २०१६ ला, ह्यासाठी वेगळा कायदा पास केलेला. ह्या पोराला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी थांबला. २०२५ ला कर्नाटकात गिग वर्कर्सचा, म्हणजे ह्याच्यासारख्या ॲपवर काम करणाऱ्यांचा, कायदा पण झालाय, कंपन्यांकडनं वेल्फेअर फी घ्यायची १ ते ५ टक्के. चांगलंच आहे, पण त्या पाऊण तासाचे पैसे कोण देणार ते कुणी विचारत नाही.

आता हे बघा, बॅगेचा साइडचा कप्पा. आत एक कोल्हापुरी चप्पल, डाव्या पायाची. काकांना गाडीत घातल्यावर रोडच्या कडेला सापडली. काका उचगावचे एवढंच कळलंय. तिकडची ऑर्डर पडली की विचारतो म्हणतोय, पण उचगावला ऑर्डर पडतच नाही, ॲपची हद्द अलीकडंच संपते. म्हणून चप्पल अजून इथंच आहे, पाऊस आला की प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतोय.