मजल्यांमधला सांधा

श्रोतेहो, नमस्कार. शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागाचा पुनर्विकास करायचे ठरले की प्रस्तावात एक वाक्य हमखास येते: खाली दुकाने, मध्ये कार्यालये आणि वर घरे. ऐकताना वाटते की तीन डबे एकावर एक रचले की काम झाले. प्रत्यक्षात या तिन्ही वापरांची मापे वेगळी, वेळा वेगळ्या आणि कटकटीही वेगळ्या असतात. त्या जिथे एकमेकींना भेटतात, त्या सांध्यावरच अशा इमारतीचे बरेवाईट ठरते. आज मी बोलणार आहे ते त्या सांध्याविषयी.

मुळात ही कल्पना नवी नाही. रोमजवळच्या ऑस्तिया या प्राचीन बंदराच्या अवशेषांत, रस्त्यालगत गाळे आणि वर भाड्याची घरे अशा इमारती आजही ओळखता येतात. राहणे एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे ही काटेकोर विभागणीच त्या मानाने अलीकडची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात अशा विभागणीचे नियम वैध ठरवले आणि पुढे तिथली अनेक शहरकेंद्रे कार्यालये सुटली की ओस पडू लागली, त्यामागच्या कारणांपैकी हे एक होते.

आता खांबांकडे येऊ. वाहनतळात दोन खांबांमध्ये तीन गाड्या उभ्या करायच्या, तर साधारण साडेसात ते आठ मीटर अंतर लागते. कार्यालयांनाही एवढा मोकळेपणा सोयीचा असतो. घरातल्या खोल्या मात्र तीन-चार मीटरच्या असतात आणि तिथला खांब भिंतीत दडवायचा असतो. घरांचे खांब जसेच्या तसे खाली उतरवले, तर एखादा दुकानाच्या दारात येतो आणि दुसरा गाडीच्या वाटेत. मग मध्येच एक ट्रान्सफर मजला घालावा लागतो, म्हणजे वरच्या खांबांचा भार खोल आणि जड गर्डरांवर घेऊन तो खालच्या वेगळ्या खांबांकडे वळवायचा. काही जागी त्याला इलाज नसतो हे मान्य, पण पुष्कळदा तो उशिरा केलेल्या विचाराचा दंडच असतो. घरांचे आराखडे सुरुवातीलाच खालच्या अंतरांना धरून आखले, तर निदान त्यातला बराचसा भाग वाचतो.

मजला खिडकीपासून किती आत जातो, याचेही असेच आहे. कार्यालयात खिडकीपासून बरेच आत बसूनही माणूस दिव्याच्या उजेडात काम करतो, पण घरातल्या प्रत्येक राहत्या खोलीला खिडकी हवीच. शिकागोतील शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर ही इमारत १९६९ साली उभी राहिली. तिथे ब्रूस ग्रॅहम हे वास्तुरचनाकार आणि फझलुर खान हे अभियंता यांनी हा प्रश्न इमारतीच्या आकारातूनच सोडवला. वर निमुळत्या होत गेलेल्या त्या इमारतीत रुंद खालच्या मजल्यांवर दुकाने, वाहनतळ आणि कार्यालये आहेत, तर चव्वेचाळिसाव्या मजल्यापासून वर, जिथे मजला अरुंद होतो, तिथे घरे आहेत. तिचे तिरके बाह्य खांब सगळे लक्ष वेधून घेतात, पण मला तिच्या उभ्या छेदाचे, म्हणजे कोणता वापर कोणत्या उंचीवर या मांडणीचे, कौतुक अधिक वाटते.

नळ आणि धूर यांची गोष्ट त्यामानाने कमी शोभिवंत आहे. वरच्या न्हाणीघरांचे सांडपाण्याचे नळ दुकानाच्या छतातून आडवे फिरवले, तर तुंबलेला नळ साफ करायला दुकान उघडून घ्यावे लागते. म्हणून दोन वापरांच्या मध्ये माणूस शिरू शकेल असा सेवामजला, किंवा निदान सर्वांना उघडता येतील असे शाफ्ट, म्हणजे नळांसाठीच्या उभ्या पोकळ्या, हव्यात. तळमजल्यावर आज उपाहारगृह नसले तरी उद्या येईल, हे गृहीत धरून तेलकट धुराचा स्वतंत्र, अग्निरोधक डक्ट गच्चीपर्यंत राखून ठेवावा. इमारत पूर्ण झाल्यावर तो घालायला जागा उरत नाही आणि बाहेरून लटकवला तर वरच्या खिडक्यांचे हाल होतात. जिनेही वेगळे हवेत. दुकानात आग लागली असता घरांचा सुटकेचा जिना त्या दुकानातून जाता कामा नये.

रस्त्याशी नाते तोडले तर काय होते, याचे उदाहरण फ्रान्समधल्या मार्सेय शहरात आहे. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या १९५२ साली पूर्ण झालेल्या तिथल्या निवासी इमारतीत दुकानांची गल्ली सातव्या-आठव्या मजल्यावर ठेवली होती. रहिवाशांच्या सोयीचा विचार त्यामागे होता. परंतु येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गल्ली दिसतच नव्हती, आणि त्यातली बरीच दुकाने टिकली नाहीत. तळमजल्याची दर्शनी लांबी ही इमारतीतली सर्वांत मोलाची वस्तू असते, आणि तिच्यावर हक्क सांगायला गाळ्यांखेरीज घरांचे प्रवेशद्वार, मीटरची खोली, ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याची जागा, माल उतरवण्याची जागा आणि वाहनतळाचा उतार असे सगळेच पुढे सरसावतात. मुख्य रस्त्यावर गाळे आणि लहानसे निवासी दार, आणि बाकीचे सगळे मागच्या गल्लीत, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. त्यातही पूर्वीच्या छोट्या गाळेधारकांना परत आणायचे असेल, तर गाळे त्यांच्या मापाचे ठेवावे लागतात. एका मोठ्या दालनात त्यांना जागा नसते.

वेगवेगळ्या वेळांचा फायदा मात्र इथे खराखुरा मिळतो. कार्यालयातल्या माणसाची गाडी संध्याकाळी निघते आणि रहिवाशाची परतते, म्हणून प्रत्येक वापराची गरज वेगळी मोजून बेरीज करण्याऐवजी तासवार गणित मांडले, तर वाहनतळ लहान होतो. पण जागा ज्याच्या-त्याच्या नावे आखून विकल्या, तर हे गणित तिथेच संपते. खर्चाचेही तसेच आहे. घरांच्या लिफ्टची देखभाल आपण का भरायची, हे दुकानदाराचे विचारणे रास्त असते. गच्ची गळू लागल्यावर मात्र, वरून गेलेला धुराचा डक्ट त्याचा असल्यामुळे, त्यालाही हिशेबात यावे लागते. म्हणून कोणता शाफ्ट, कोणता पंप आणि कोणते छत कोणाच्या खात्यावर, याची यादी गाळे आणि घरे ताब्यात देण्याआधी, नकाशांबरोबरच तयार व्हायला हवी.