हिरव्यागार गोव्यात वैरण बाहेरून का येते?

नमस्कार मंडळी! माझ्यामागे बघा, सत्तरी तालुक्यातलं शेत. नजर जाईल तिथवर हिरवं. आणि याच गोव्यात चोर्ला घाट उतरून पेंढ्याचे ट्रक येतात!

आधी पोटाचं गणित. ४०० किलोच्या गायीला दिवसाला १० ते १२ किलो खाद्य लागतं, तेही त्यातलं पाणी वगळून. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात ८० टक्के पाणीच असतं. म्हणजे नुसत्या गवतावर भागवायचं तर ५०-६० किलो हवं. चरून चरून ती किती चरेल? शिवाय दिवाळीनंतर तेच गवत जून होतं, डोंगर पिवळे पडतात.

तेव्हा आधार पेंढ्याचा. आमच्या आजीच्या अंगणात सुगी झाली की उडवी उभी राहायची, उन्हाळाभर पुरायची. आता कापणी-मळणी एकदम करणारं कंबाईन मशीन भात घेऊन जातं आणि पेंढा विस्कटून चिखलात टाकतं. वर परतीचा पाऊस, की कुजलाच! शेतकऱ्याला बोल लावून उपयोग नाही, कापणीला माणसंच मिळत नाहीत. पण रोज ५ किलो धरलं तरी गायीला वर्षाला १,८२५ किलो पेंढा लागतो. म्हणजे साधारण एका एकराचा पेंढा एकटीच फस्त करते.

आपली गावठी गाय, श्वेत कपिला, थोडक्यात भागवते, दूधही बेताचंच देते. डेअरीला दूध घालायचं म्हणून संकरित गाय आणली, की वैरणीचा खर्च वाढलाच. पशुगणना दर पाच वर्षांनी होते, विसावी २०१९ला झाली. त्यात गुरं मोजतात. पेंढा कुणी मोजत नाही!

हाताशी पेंढा असेल तर तो सकस करता येतो. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर शिंपडा, तुडवून दाबा, ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. काढल्यावर वाऱ्यावर पसरा, वास डोळ्यांत झोंबतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला घालू नका. आणि युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात विसरू नका. गाय ते पाणी प्यायली तर जिवावर बेततं.