घरीच शिवलाव काय?

(संक्रांतीच्या आधी सोलापुरात एका वाचनालयाच्या सभागृहात झालेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, माइकची खरखर आणि मधला चहा तेवढा काढून टाकलाय.)

नमस्कार. मागच्यांनी पुढे या की ओ, पुढे बसलेल्यांकडून मी वर्गणी मागणार नाहीये.

बाहेर फळ्यावर लिहिलंय, भेट देण्यासाठी सोप्या शिवणकामाच्या पाच वस्तू. पाच होतील, नक्की होतील, वह्या काढून बसलाय ते दिसतंय मला. पण त्याआधी मला एक बोलायचंय. कापायचं कसं, शिवायचं कसं हे मोबाइलवर ढीगभर बघायला मिळतं, त्यासाठी या थंडीत रिक्षा करून इथे यायची गरज नव्हती. पण शिवून द्यायचं कुणाला आणि का, यावर कुणी बोलतच नाही.

आधी ब्लाउजपीस. हात वर करा, कुणाच्या कपाटात आत्ता दहाच्या वर ब्लाउजपीस पडून आहेत? बघा. त्या काकूंनी दोन्ही हात वर केलेत. आता हे ब्लाउजपीस बहुतेक ८० सेंटीमीटरचे असतात. अस्तर लावून, कोपरापर्यंत बाही घेऊन, जरा अंगानं भरलेल्या बाईचा ब्लाउज ८० सेंटीमीटरमध्ये बसत नाही, मीटर लागतं, हे देणाऱ्या बाईला माहीत असतं, घेणारीला माहीत असतं आणि दुकानदाराला तर दोघींपेक्षा जास्त माहीत असतं. तरी ओटीत तोच. म्हणजे तो शिवायचा नाही हे आधीच ठरलेलंय, तो फक्त पुढे द्यायचाय. माझं ओटीशी भांडण नाही हां, नाहीतर घरी जाऊन सांगाल बाई धर्माविरुद्ध बोलली. माझं भांडण त्या पॉलिस्टरशी आहे. घाम शोषत नाही, इस्त्री जरा जास्त तापली की चिकटतं, आणि कुणाच्याच मापाचं नसतं.

वाणाचं पण तेच. आता सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा लागेल, हळदीकुंकवं सुरू होतील, आणि प्रत्येकीच्या घरी प्लॅस्टिकच्या चाळण्या येतील. चहा गाळायच्या. घरात चहा पिणारी माणसं दोन आणि गाळण्या नऊ. असो.

तर मला काय झालं ते सांगते, थोडं लांबेल. नात्यातल्या एका लग्नाला आहेर द्यायचा होता. नवरी मुलगी गुणी, तिला साड्यांची फार हौस, आणि आईच्या जरीच्या साड्या ती घेऊन जाणार होती. जरीची साडी प्लॅस्टिकच्या कव्हरात वर्षभर कोंडून ठेवली की आत दमट होतं, जरीचे काठ काळे पडतात, घडीवर डाग येतात, हे आपण सगळ्या जाणतो आणि तरी चेनवाली प्लॅस्टिकची कव्हरंच आणतो. म्हणून मी सुती मलमल आणलं, आधी पाण्यातून काढलं, आणि सहा साडीकव्हरं शिवली. तिच्या आईला फोन करून कपाटाच्या फळीची खोली विचारली, किती इंच, त्या मापाची केली. आतून सगळ्या शिलाया दाबून घेतल्या, म्हणजे सुटा धागा जरीत अडकायला नको. चेनीची दोन्ही टोकं कापडात गुंडाळली. कापड, सहा चेना, रनर, दोरा, वर माझी पाठ.

लग्नात आहेर लिहून घ्यायला एक पोरगा बसलेला, वही घेऊन. मला म्हणतो, काकू, किती लिहू? म्हटलं, किती नाही, वस्तू आहे. मग काय लिहू? म्हटलं, साडीकव्हरं. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं, "कापडी पिशव्या ६". वर पाचशेएक, खाली एक हजार एक, मधे मी आणि माझ्या कापडी पिशव्या!

ते पण जाऊ द्या. शेजारी नवरीच्या एक नात्यातल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी एक कव्हर उलटंसुलटं करून बघितलं, चेन दोनदा ओढली, आणि एकदम मायेनं म्हणाल्या, "घरीच शिवलाव काय? बरं केलाव, खर्च वाचला."

हसताय काय! तुमच्यापैकी ज्या शिवतात त्या हसत नाहीयेत बघा.

आणि याच बाई पुढच्या महिन्यात आमच्याकडे आल्या. हातात भलंमोठं गाठोडं. पडदे. "जरा खालून दुमडून द्यायचेत, तुम्हाला काय, घरीच मशीन आहे." आता पडद्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना विचारा. जाड कापड, चार-चार घड्या, सुई नंबर १६ ची घातली तरी कोपऱ्यावर आल्यावर मशीन रडतं. ज्याच्या घरी गिरणी आहे त्याच्याकडे कुणी फुकट दळण नेत नाही, पण ज्या घरात शिवणयंत्र आहे ते घर म्हणजे धर्मशाळा. फॉल लावून द्या, पिको जमतो का, नातवाची चेन बिघडलीय, यांच्या पँटची कंबर दोन बोटं सोडा. (प्रेक्षकांतून: "आणि उशीर झाला की परत बोल लावतात!") बरोबर. आणि उशीर झाला की वर बोल.

दिले का शिवून? दिले. नातं आहे.

पण त्या "खर्च वाचला" वर मी खूप विचार केला. त्या बाई वाईट नाहीत. त्यांना त्या कव्हरात मलमल दिसलं, चेन दिसली, त्याची किंमत त्यांनी मनात केली आणि ती बाजारातल्या गिफ्टपेक्षा कमी निघाली. फळीची खोली त्यांना दिसली नाही, कशी दिसणार. आणि माझं म्हणणं सगळं तिथेच आहे. हातानं शिवलेल्या वस्तूत दुकानाला न जमणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माप. आपल्या सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने किती आहेत, इथला माल देशभर जातो, आणि तो अठ्ठावीस, तीस, बत्तीस असा जातो. कारखान्याला माणूस दिसत नाही, साइज दिसते, त्याचा दोष नाही, त्याचं कामच ते. पण आपण घरी बसून शिवायचं आणि तेही साइजवर, मग कशाला पाठ मोडून घ्यायची? सरळ विकत आणा, त्यात काही कमीपणा नाही.

आमच्या गल्लीत एक अक्का विड्या वळतात. पूर्व भागात राहणाऱ्यांना सांगायला नको, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, पत्र्याचं माप, कात्री, दोरा, आणि सकाळपासून एका जागी बैठक. त्यांच्या सुनेला मुलगी झाली तेव्हा अक्कांनी मला घरी बोलावून पुरणपोळी घातली होती, तर दिवाळीला त्यांना काहीतरी द्यावं म्हणून मी जरा दारात बसून त्या काम कशा करतात ते बघितलं. त्या डावखुऱ्या आहेत. इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कात्री सारखी जमिनीवर डाव्या बाजूला ठेवतात आणि ती पानांच्या कचऱ्यात जाते, मग शोधत बसतात. मी जुन्या चादरीचं आसन शिवलं, आत त्याच चादरीचे फाटके तुकडे भरून, गोधडीसारखे टाके घातले, आणि डाव्या कडेला एक खिसा. कात्रीच्या लांबीचा, तळाला कापड दुहेरी, नाहीतर टोक बाहेर येतं. मागच्या बाजूला खिसा नाही, काही नाही, कारण पाठ भिंतीला टेकते. हे आसन नव्या पेठेच्या बाजारात कुठे मिळेल सांगा मला. आणि हे त्यांनी पुढे कुणाला आहेरात देऊनही चालायचं नाही, उजव्या हाताच्या बाईला त्याचा उपयोग नाही. ब्लाउजपीस फिरतो कारण तो कुणाचाच नसतो. हे कुठे फिरणार?

कुणी म्हणेल आपल्यात शिवलेलं देत नाहीत, पूजेला, शुभकार्याला कोरं कापडच द्यायचं. मग बारशाला काय देत होतो? कुंची, टोपडं, झबलं, दुपटं. सगळं शिवलेलं, आणि घरीच शिवलेलं. तेही आजीच्या जुन्या मऊ धुवट लुगड्याचं, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. म्हणजे पद्धत आपलीच आहे, आपणच ती रेडिमेडच्या खोक्यात घातली.

आणि कापडाचं म्हणाल तर आपण कुठे बसलोय! १८७७ साली इथे आपण जिला जुनी गिरणी म्हणतो ती कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून या गावाच्या नाकात कापसाचा फुफाटा आहे. चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं गाव हे. टेरीचा माग कधी उभं राहून बघितलाय का, बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, दोन असतात, एकाचा धागा ताठ, दुसऱ्याचा सैल, तीन आडवे धागे झाले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि सैल धाग्याचा फास वर उभा राहतो, आणि तो फासच पाणी पितो, म्हणून तर सांगते टॉवेल धुताना ते सुगंधी कंडिशनर ओतू नका, फासावर थर बसतो आणि टॉवेल नुसता अंगावर घसरतो, आणि हो, टॉवेल घ्यायचा तो

काय? चिठ्ठी आलीय. "हळदीकुंकवाची मंडळी बाहेर थांबलीत, दहा मिनिटं." अगं बाई. पाच वस्तू राहिल्यात. लिहा पटापट.

सगळ्याच्या आधी, सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. मांजरपाट तर हमखास आटतो. आधी शिवून मग धुतलंत तर घेतलेलं माप गेलं.

एक, उशीचं अभ्रं, चेन नाही, बटण नाही. उशी टेप अंगावरून टाकून मोजा. समजा १६ बाय २४ इंच. कापड १७ रुंद आणि ५६ लांब. ५६ कसे, तर २४ दुप्पट ४८, पाठीमागे एकावर एक यायला ६, आणि दोन्ही टोकं दुमडायला एकेक. टोकं आधी दुमडून शिवा, मग सुलट बाजू आत ठेवून घडी अशी घाला की मागे ६ इंच एकावर एक येतील, दोन्ही लांब कडा अर्ध्या इंचावर शिवा, उलटवा. झालं. कडेवर त्या माणसाच्या आवडीच्या कापडाची पट्टी लावायची असेल तर ती आधी, सपाट असताना.

दोन, भाकरीचा रुमाल. ज्या घरी द्यायचाय तिथल्या भाकरीचं माप माहीत पाहिजे. भाकरी जेवढी रुंद त्याच्या दुपटीहून दोन इंच जास्त असा चौकोन, आत दोसुती, म्हणजे दुहेरी धाग्याचं सुती कापड, बाहेर कुठलंही सुती, चारही कोपरे मधे दुमडता आले पाहिजेत. कडक भाकरीला याचा उपयोग नाही, ती डब्यातच बरी.

तीन, गरम भांडं धरायचा जाड चौकोन. ७ बाय ७ इंच, टेरीचे दोन थर आत, सुती कापड बाहेर. पॉलिस्टर अजिबात नको, वितळून हाताला चिकटेल. टेरी कापली की तिचे फास सुटून घरभर धाग्यांचे तुकडे होतात, म्हणून कापल्या कापल्या कडेला झिगझॅग मारा, टाका मोठा ठेवा, मग उरेब पट्टी लावा. उरेब म्हणजे तिरकी कापलेली, सरळ पट्टी गोल कोपऱ्यावर नीट वळत नाही. टांगायला नाकं विसरू नका.

चार, बाळाचा टोपीचा टॉवेल. मोठ्या टॉवेलचे दोन चौकोन करा. एक पूर्ण ठेवा, दुसऱ्यातून एक कोपरा त्रिकोण कापा आणि पहिल्याच्या कोपऱ्यावर ठेवून सगळीकडून उरेब पट्टी. झाली टोपी. मणी, घुंगरू, गळ्याशी बांधायची नाडी, काही काही नको, बाळ तोंडात घालतं.

पाच, चादरीची पिशवी. जुनी चादर मधेच विरते, कडा शाबूत असतात, त्या घ्या. पण चादरीचा धागा जाड, कापलं की उसवत जातं. म्हणून जिथे कापायचं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी शिलाई मारा आणि मग मधून कापा. बंद किती लांब? जिला द्यायची ती खांद्याला लावते का हातात धरते ते बघा. भाजीवाली असेल तर खांदा, वाचनालयात येणारी असेल तर हात.

झालं. पाच झाल्या की नाही?

(प्रश्न: "मशीन नाही त्यांनी काय करायचं?") रुमाल आणि अभ्रं हातानं होतं. बारीक धावदोरा, आणि दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका, म्हणजे उसवत नाही. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता.

(प्रश्न: "मग घरातल्या ब्लाउजपीसचं काय?") सुती असतील ते पिशवीला आतून अस्तर लावा. पॉलिस्टरचे, काय सांगू, चपलांच्या पिशव्या करा प्रवासाला. यांच्या चपलेचं माप घेऊन. आणि ते दोन्ही हात वर केलेल्या काकू, तुम्ही थांबा, तुमच्याशी बोलायचंय, माझ्याकडेपण अकरा आहेत.