वरातीआधीचा तास

(दृश्य: मे महिना, संध्याकाळचे पाच. बँडची गाडी उन्हात उभी. हातगाडीवर कीबोर्ड, भोंगे, जनरेटर.)

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि लग्नाच्या तिथीही नेमक्या तेव्हाच दाट असतात. मुहूर्त गोरज असेल तर नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघतो तो उन्हं पुरती कलायच्या आत. गाडीमागे चार ट्रंपेट, दोन क्लॅरिनेट, दोन युफोनियम (खालच्या सुराची मोठी पितळी वाद्यं), साइड ड्रम, मोठा ढोल आणि झांजा. हे लहान पथक झालं. सुपारी मोठी असली की माणसं दुप्पट.

मास्तर आधी कीबोर्डवाल्याला काळी पाच दाबायला सांगतात. ट्रंपेटचा मोकळा सूर तोच, एकही पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची कळ, न दाबता लागणारा. दोन्ही एकत्र वाजले की कळतं, ट्रंपेट चढला आहे.

उन्हाळ्यात तो चढणारच. पितळ तापून फुगतं म्हणून सूर बदलतो, असं बँडमधली जुनी माणसंही सांगतात. तसं असतं तर नळी लांबली असती आणि सूर उलट उतरला असता. चढवते ती नळीतली हवा. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरने वाढतो, आणि नळी तेवढीच राहिली की सूर वर सरकतो. गाडीवर कीबोर्ड नव्हता तेव्हा फुंकायची सगळी वाद्यं मिळून चढत, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. कीबोर्ड मात्र उन्हाला दाद देत नाही.

(दृश्य: ट्रंपेटची मुख्य स्लाइड, जवळून. अंगठ्याने ती हळू बाहेर सरकते.)

उपाय या वाकड्या नळीत आहे. ट्रंपेटची नळी उलगडली तर जेमतेम दीड मीटर भरते. स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की हवेची वाट दोन सेंटिमीटरने वाढते, कारण ती जातेही आणि परततेही. सूर अर्ध्या सुराच्या साधारण चौथ्या हिश्शाने उतरतो. युफोनियमची नळी जवळपास दुप्पट, म्हणून तिथे तेवढ्याच फरकासाठी दोन सेंटिमीटर ओढावी लागते. नवखा पोरगा ट्रंपेटवाल्याचं बघून एकच सेंटिमीटर ओढतो आणि खालचा सूर रात्रभर चढा राहतो. स्लाइड ओढून भागलं नाही, तर कीबोर्डचा सूर बारीक वर घेतात. खरं तर सोपं आहे ते वाद्यं गाडीच्या तापल्या पत्र्यावर न ठेवणं, पण सावली मिळेल तेव्हा!

वरात निघाली की प्रश्न ओठांचा. माउथपीस दाबून दाबून ओठातलं रक्त थांबतं, आणि आधी वरचे सूर जातात. म्हणून मुखडा सगळ्यांनी वाजवायचा आणि अंतरा क्लॅरिनेटने उचलायचा. तेवढ्यात ट्रंपेटवाला ओठ मोकळे करून घेतो. नाचणाऱ्यांना ही वाटणी दिसत नाही. "थांबू नका, थांबू नका" म्हणत ते नोटा नाचवत राहतात.

सगळ्यात अवघड सूर मात्र नाचाच्या गाण्यातला नाही, मंगलाष्टकांनंतरचा. मांडवात शांतता, बँड अर्धा तास गप्प. शेवटची अक्षता पडताक्षणी सगळ्यांनी एकदम सूर उचलायचा. ओठ थंड असले तर पहिलाच सूर फाटतो, तोही सगळ्या वऱ्हाडासमोर. त्यामुळे शेवटचं कडवं सुरू झालं की जाणते वाजवणारे आवाज न करता नळीतून नुसती फुंकर सोडत राहतात.

(दृश्य: जानेवारीची पहाट. पांढऱ्या बाराबंदीतले भाविक, नंदीध्वज.)

संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज निघतात, हलग्या कडाडतात, बँडही असतो. इथे उलटी तऱ्हा. थंडीने सूर उतरतात, स्लाइड आत ढकलावी लागते, आणि पिस्टन अडकतात. पिस्टन अडकण्याचा दोष थंडीपेक्षा तेलाचा. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालतात आणि ते 24 अंशांच्या खाली थिजू लागतं. पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यात फट केसापेक्षाही बारीक. तिथे थिजलेलं तेल बसलं की दाबलेला पिस्टन वर येत नाही आणि गाणं मध्येच लंगडतं. पिस्टनचं पातळ तेल वेगळं मिळतं, तेच वापरावं. दोन-तीन थेंब पुरतात.

(दृश्य: चातुर्मास. दुरुस्तीचं दुकान. टेबलावर सुटे पिस्टन.)

आषाढ लागला की लग्नं थांबतात आणि गणपतीपर्यंत वाद्यं उघडली जातात. पाणी कोमट हवं. कढत पाण्याने वरचा लाखेचा मुलामा सुटतो. पिस्टनवर 1, 2, 3 आकडे असतात. अदलाबदल झाली तर भोकं जुळत नाहीत आणि फुंकलेली हवा पुढे जातच नाही. चिंचेने पितळ लखलखतं, पण ते बिनमुलाम्याच्या वाद्यावर आणि बाहेरूनच. भांडी घासायची पूड पिस्टनला लागली तर तो झिजतो, आणि झिजलेला पिस्टन पुन्हा भरून येत नाही. झीज ओळखायची युक्ती सोपी: पिस्टन न दाबता पहिली छोटी स्लाइड झटकन ओढा. "पॉक्" असा आवाज आला तर आतली हवा धरली जाते आहे. नाही आला तर हवा गळते.

पोचे सगळेच काढत बसायची गरज नाही. कर्ण्याच्या तोंडावरचा पोचा डोळ्याला खुपतो, सुराला फारसा नाही. माउथपीसजवळच्या अरुंद नळीतला वाटाण्याएवढा पोचा मात्र वाद्याचा सूर बिघडवतो. कारागीर आतून पोलादी गोळा सरकवत तो बाहेर काढतो आणि सुटलेल्या सांध्याला डाख देतो. माउथपीस अडकला असेल तर पक्कड लावायची नाही. नळी पिळली जाते आणि मग शंभराच्या कामाला हजाराची दुरुस्ती मागे लागते.