आधी स्वयंपाकघराला विचारा

मैत्रिणींनो, आणि मागे उभे राहिलेत ते काका-दादा पण, पुढे या ना, खुर्च्या आहेत. महिला आधारगृहासाठी धान्य कसं गोळा करायचं ते सांगायला मला बोलावलंय, तर तीन वर्षं हे केल्यावर मला एकच गोष्ट सगळ्यात आधी सांगाविशी वाटते, सोसायटीत पिशव्या फिरवायच्या अगोदर तिथल्या स्वयंपाकघरात फोन करा.

पहिल्या वर्षी आम्ही नव्हता केला. आपल्या नाशिकला कांदा द्यायला कुणी मागेपुढे बघत नाही, निफाडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांनी दहा-बारा गोण्या दिल्या, अगदी मनापासून दिल्या, पण तो होता लाल कांदा. उन्हाळ कांदा हवेशीर कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल नाही टिकत, आणि तिथे कांदाचाळ तरी कुठे आहे? पंधरा दिवसांत गोण्यांना पाणी सुटलं. आणि त्याच आठवड्यात तिथलं तेल संपलेलं. स्वयंपाक बघणाऱ्या मावशी वही उघडून म्हणाल्या, "ताई, कांदा आहे हो, परतायला तेल नाही." फार लागलं मला ते.

म्हणून आता आम्ही हिशोब मांडून मागतो. लेकरं धरून ३० जणी आहेत असं समजा, माणशी दिवसाला पाव किलो पीठ-तांदूळ, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल. म्हणजे महिन्याला २२५ किलो पीठ-तांदूळ, ५४ किलो डाळ आणि साडेबावीस किलो तेल. हा आकडा ग्रुपवर टाकला की लोक आपसात वाटून घेतात, चौथा मजला डाळ देतो, पाचवा तेल. गहू देणार असाल तर दळणाचे पैसे पण द्या, कारण गिरणीत कोण जाणार हा तिथे रोजचा प्रश्न असतो, आणि पावसाळ्यात पीठ थोडं थोडं द्या, जाळी धरते. पाकिटावरची तारीख बघा. घरात नको झालेलं द्यायचं नाही, आपल्या ताटात वाढू तेच द्यायचं.

आता पत्त्याचं, आणि हे प्लीज नीट ऐका. तिथल्या बायका नवऱ्याच्या, कधी सख्ख्या भावाच्या मारातून सुटून आलेल्या असतात, शोधणारे शोधत असतात, त्यामुळे धान्य पोचवलं की फोटो, लोकेशन, स्टेटस काहीही नाही. एकदा आमच्यातल्याच एका मुलाने उत्साहात टेम्पोचा फोटो टाकला, मागे गेट दिसत होतं, दहा मिनिटांत डिलीट केला तरी मला रात्रभर झोप नाही. तेव्हापासून सगळा माल आमच्या हॉलमध्ये जमा होतो आणि तिथलीच गाडी येऊन घेऊन जाते. कुणाला वाटलं की मग आम्ही दिलेलं पोचलं कशावरून, तर मावशींच्या सहीची पावती मी दाखवते.

कायद्याचं पटकन सांगते. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, त्याच्या कलम ६ प्रमाणे बाईने स्वतः किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, मागितलं तर आधारगृहाने तिला आसरा द्यायचाच असतो. शेजारच्या घरातून रात्री आवाज येत असतील तर महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर लक्षात ठेवा. पण आसरा मिळाला तरी तीस ताटं रोज दोन वेळा भरायची असतात, आणि लोकांचं देणं येतं महिला दिनाला नाहीतर दिवाळीला. आषाढात डबे तळाला जातात. आपण आषाढ धरू या.

आणि एक, चव. मागच्या पावसाळ्यात सुरगाण्याकडची एक ताई दोन लेकरं घेऊन आली होती, चार दिवस ताटातलं नुसतं चिवडायची. मावशींनी विचारलं, बाई तुला काय खावंसं वाटतं, तर हळूच म्हणाली, नागली, म्हणजे आपली नाचणी. आम्ही पाच किलो नागलीचं पीठ पाठवलं. ती स्वतःच परातीपुढे बसली, गरम पाण्यात पीठ मळलं, आणि सगळ्यांसाठी भाकरी थापल्या, तिची धाकटी मांडीला चिकटून बसलेली.

तर आज यादीत नागली पण लिहा, दोन घरांनी घेतली तरी पुरे. मी उद्या सकाळी मावशींना फोन करते, काय कमी आहे ते विचारते, आणि मगच ग्रुपवर टाकते.